आधी वय, मग जात

दिवाळीच्या आगेमागे कोकण किनाऱ्यावर कुरव उतरू लागतात. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचमागे ते घिरट्या घालतात, हर्णै आणि मिरकरवाड्याच्या बंदरात मासळी उतरत असताना होड्यांवर झेपावतात, मालवणकडे रापण ओढली की वाळूवर सांडलेल्या बारीक मासळीसाठी गोळा होतात. गोव्यात मोरजीला, शापोरा नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूवर, ओहोटीच्या वेळी त्यांचे मोठाले थवे विसावलेले असतात. किनाऱ्यापासून लांब, उजनीच्या फुगवट्यावर भिगवणलाही ते येतात. एवढा डोळ्यांत भरणारा पक्षी, पण निरीक्षकांच्या वह्यांत त्याची नोंद बहुधा एका ओळीत उरकलेली असते. प्रौढ पक्ष्यांना नावे मिळतात. पंखांवर तपकिरी डाग आणि शेपटीला काळा पट्टा असलेले जे उरतात, त्यांच्यापुढे ‘पिल्ले’ एवढाच शब्द पडतो. ही पुस्तिका त्या उरलेल्यांची आहे.

ही उपेक्षा का झाली ते समजण्यासारखे आहे. आपल्याकडच्या पक्षिपुस्तकांना शेकडो जाती थोड्या पानांत बसवायच्या असतात. त्यात कुरवांच्या वाट्याला एखादे पान येते आणि त्या पानावर मोठे चित्र प्रौढ पक्ष्याचे असते. कोवळा पक्षी कोपऱ्यात, लहानसा, तोही बहुधा बसलेला. पण याच पक्ष्यांची ओळख पटवायला चित्रांची सर्वाधिक गरज असते आणि ती उघड्या पंखांच्या चित्रांची असते. थव्यात कोवळ्यांची संख्याही दुर्लक्ष करण्याजोगी नसते. त्यांना वगळून केलेली नोंद अर्धी राहते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट वयाची. नोव्हेंबरात आपल्यापुढे उभा असलेला कोवळा कुरव चार-पाच महिन्यांचा असतो. तपकिरी डोक्याचा कुरव असेल तर त्याचा जन्म मध्य आशियाच्या पठारावर, तिबेटात किंवा लडाखमधल्या त्सो मोरिरी, त्सो कार यांसारख्या सरोवरांकाठी झालेला. काळ्या डोक्याचा असेल तर आणखी उत्तरेकडे, कझाकस्तान किंवा रशियातल्या एखाद्या दलदलीत. घरट्यातून निघताना त्याच्या पाठीवर तपकिरी, खवल्याखवल्यांची पिसे असतात. उन्हाळा संपता संपता अंगावरची ही पिसे झडतात आणि त्या जागी राखाडी येतात. पंखांची आणि शेपटीची मोठी पिसे मात्र त्या वर्षी बदलत नाहीत. म्हणून आपल्या किनाऱ्यावर पोचलेल्या या पक्ष्याच्या अंगावर पिसांच्या दोन पिढ्या एकदम नांदत असतात, दिवाळीचा नवा सदरा आणि खाली गेल्या वर्षीचीच विजार घातलेल्या मुलासारख्या. पाठ प्रौढासारखी राखाडी, पंखावर तपकिरी पट्टा, शेपटीच्या टोकाशी काळी फीत. हा मेळ दिसला की पक्षी पहिल्या हिवाळ्यातला आहे हे ठरते. लहान कुरवांच्या बाबतीत पुढच्या हिवाळ्यापर्यंत हा सारा तपकिरीपणा जवळपास जातो. मोठ्या कुरवांना प्रौढ वेष चढायला चौथा हिवाळा उजाडावा लागतो आणि मधल्या प्रत्येक वर्षी ते वेगळेच दिसतात.

जात ठरवण्याआधी वय ठरवायचे, हा या पुस्तिकेचा कणा आहे. क्रम उलटा केला की काय होते, ते आपल्याकडच्या सर्वांत नेहमीच्या जोडीवरून कळते.

काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा, ही दोन्ही नावे विणीच्या हंगामातल्या वेषावरून पडली आहेत. आपल्याकडे ते असतात हिवाळ्यात. तेव्हा दोघांचीही डोकी पांढरी आणि कानापाशी एक काळसर ठिपका. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रौढांची डोकी रंगू लागतात, तोवर डोक्याचा उपयोग नाही. प्रौढांना तरीही वेगळे काढता येते. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे बुबुळ फिकट असते, पंखाचे टोक काळे असते आणि त्या काळ्यात ठळक पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद आणि पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र. नवशिक्याला हेच शिकवले जाते आणि तो याच खुणा कोवळ्या पक्ष्यावर शोधू लागतो. पण पहिल्या हिवाळ्यात तपकिरी डोक्याच्या कुरवाचाही डोळा गडदच असतो आणि त्याच्या पंखाच्या टोकातले पांढरे ठिपकेही अजून यायचे असतात. फिकट डोळा नाही, ठिपके नाहीत, म्हणून तो काळ्या डोक्याचा ठरतो. अशा चुकीच्या नोंदी वर्षानुवर्षे साचत जातात.

मग पाहायचे काय? चोचीचा रंग नको. दोघांचीही चोच बुडाशी फिकट नारिंगी-गुलाबी आणि टोकाला काळी. शेपटीचा पट्टाही नको, तो दोघांना आहे. पंखावरचा तपकिरी पट्टाही दोघांना. नजर ठेवायची ती पंखाच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर, मनगटापासून टोकापर्यंतच्या लांब पिसांवर. कुरवाला अशी दहा कामाची पिसे असतात. काळ्या डोक्याच्या कोवळ्या कुरवात यांतल्या बाहेरच्या पिसांचा बराचसा भाग पांढरा असतो. त्यावर काळ्या रेघा असतात, टोके काळी असतात, पण लांबून पाहता पंखाच्या पुढच्या कडेने एक पांढरी पाचर टोकाच्या दिशेने गेलेली दिसते. तपकिरी डोक्याच्या कोवळ्या कुरवात बाहेरची पिसे रुंद काळी असतात. पांढरा भाग आहे, पण तो टोकाकडे जात नाही. मनगटाच्या पुढे, काळ्या टोकाच्या अलीकडे, तो पंखाच्या मध्यावर अडून राहतो. पंख फडकताना ही दोन चित्रे इतकी वेगळी दिसतात की एकदा डोळ्यांत बसली की पुसली जात नाहीत. पंख खालून पाहिला तरी तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या टोकाचा काळा भाग जास्त मोठा भरतो. बाकी खुणा आधाराच्या आहेत. तपकिरी डोक्याचा अंगाने थोडा भक्कम, चोच जाडसर, उडताना पंख रुंद. दोघे शेजारी असले तर हे कळते. एकट्या पक्ष्यावरून आकाराचा अंदाज करू नये. कुरवांत नर मादीपेक्षा मोठा असतो आणि त्यातही कमीजास्त असते.

या दोघांमध्ये तिसरा मिसळतो तो सडपातळ चोचीचा कुरव. त्याच्यासाठी पंखावर फार वेळ घालवायला नको. मान लांब, कपाळ चोचीकडे उतरते, कानाजवळचा ठिपका पुसट किंवा नाहीच, आणि पहिल्या हिवाळ्यातही सगळा पक्षी फिकट. बसलेल्या थव्यात मान ताणून उभा असला की तो आपोआप वेगळा पडतो.

आता मोठे कुरव. खरी कसोटी इथे आहे आणि पुस्तिकेची निम्म्याहून जास्त पानेही त्यांनाच दिली आहेत.

त्यातला पल्लासचा कुरव तुलनेने सरळ आहे. पीटर सिमोन पल्लास या निसर्गशास्त्रज्ञाने १७७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्याकडे येणाऱ्या कुरवांत तो सर्वांत मोठा. प्रौढ पक्ष्याचे डोके फेब्रुवारीत काळे होऊ लागले की शंकेला जागा उरत नाही. पहिल्या हिवाळ्यातला पक्षी मात्र हमखास फसवतो, कारण त्याची अंगावरची पिसे लवकर बदलतात आणि आपल्याकडे पोचेपर्यंत पाठ राखाडी झालेली असते. इतर मोठ्या कुरवांच्या पाठीवर असा राखाडी रंग दुसऱ्या हिवाळ्यात दिसतो, म्हणून निरीक्षक त्याला दुसऱ्या वर्षाचा समजतो आणि तिथून पुढची सगळी मांडणी घसरते. यावर उपाय शेपटीत आहे. पल्लासच्या कोवळ्या कुरवाची शेपटी स्वच्छ पांढरी आणि टोकाशी एकच काळा, रेखीव पट्टा. इतर मोठ्या कोवळ्या कुरवांत हा पट्टा मळका, आतल्या बाजूने ठिपक्यांत विरघळत गेलेला असतो. दुसरी खूण चेहऱ्यावर. डोळ्याभोवती काळसर छटा आणि त्यात डोळ्याच्या वर-खाली दोन पांढऱ्या कोरी. मासळीच्या ढिगापाशी हा पक्षी अगदी जवळ येतो, तेव्हा दुर्बिणीशिवायही त्या कोरी दिसतात. लांब, जड, टोकाला काळी चोच आणि लांबट उतरते कपाळ ही त्याची ठेवण तर वाळूवर बसलेल्या काळोख्या आकृतीतही ओळखता येते.

उरतात ते ह्यूग्लिनचा, स्टेप आणि कॅस्पियन. ह्यूग्लिनचा कुरव रशियाच्या उत्तरेकडच्या टुंड्रात वीण करतो. स्टेप कुरव नैर्ऋत्य सायबेरियातल्या बाराबाच्या गवताळ प्रदेशात आणि उत्तर कझाकस्तानात, तर कॅस्पियन कुरव काळ्या समुद्रापासून कॅस्पियनच्या परिसरात आणि त्यापलीकडे. हे तिघेही हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतात. आपल्या किनाऱ्यावर ह्यूग्लिनचा आणि स्टेप नेहमीचे, कॅस्पियन कमी. त्यांची नावे आणि नाती यांचा गुंता वाचकाने आधीच समजून घ्यावा, नाहीतर जुनी आणि नवी पुस्तके एकत्र ठेवल्यावर डोके चक्रावते. जुन्या भारतीय याद्यांत हे पक्षी ‘हेरिंग गल’ किंवा ‘लेसर ब्लॅक-बॅक्ड गल’ या नावांखाली सापडतात. नंतरच्या काही पुस्तकांनी ह्यूग्लिनचा कुरव स्वतंत्र जात मानला आणि स्टेपला त्याची उपजात केले. आज वापरात असलेल्या प्रमुख जागतिक याद्या या दोघांनाही लेसर ब्लॅक-बॅक्ड गलच्या उपजाती धरतात.

हा निव्वळ नावांचा घोळ नाही. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये याच कुरवांना उत्तर ध्रुवाभोवतीच्या एका साखळीचे उदाहरण म्हणून मांडले. शेजारच्या कडीशी शेजारची कडी संकर करते, पण साखळीची दोन टोके युरोपात समोरासमोर येतात तेव्हा ती दोन वेगळ्या जातींसारखी वागतात, असा तो सिद्धांत. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी तो शिकले. २००४ मध्ये डॉरिट लीबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुरवांच्या मायटोकॉन्ड्रियातील डीएनए तपासून दाखवले की चित्र तसे नाही. या समूहाची मुळे दोन वेगळ्या ठिकाणी, एक अटलांटिककडे आणि एक अरल-कॅस्पियनच्या भागात, आणि साखळी मायर म्हणतात तशी बंद होत नाही. हे पक्षी एकमेकांपासून फार पूर्वी वेगळे झालेले नाहीत. मोरजीच्या वाळूवरच्या दोन कोवळ्या कुरवांत फरक काढताना आपल्याला घाम फुटतो, त्यामागे हे कारण आहे.

तरीही बरेच काही सांगता येते. पहिल्या हिवाळ्यातला ह्यूग्लिनचा कुरव उडताना गडद दिसतो. पंखाच्या मागच्या कडेची पिसे गडद आणि त्यांच्या पुढची आच्छादक पिसेही गडद, त्यामुळे दोन काळपट पट्टे समांतर पडतात. टोकाकडच्या दहा पिसांपैकी आतली पिसेही काळपटच, म्हणून पंखात फिकट खिडकी उघडत नाही. पंखाखालची बाजूही तपकिरी. कॅस्पियनमध्ये हे उलट आहे. पंखाखालचा भाग फिकट, डोके लवकर पांढरे पडलेले, मानेमागे रेघांची एक शाल, पाय लांब, चोच लांब आणि बारीक. स्टेप कुरव या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो, आणि काही पक्षी खरोखरच कुठल्याच बाजूला बसत नाहीत. त्यांच्यासाठी पुस्तिकेत ‘ह्यूग्लिन किंवा स्टेप’ असा वेगळा रकाना ठेवला आहे. तो रकाना वापरण्यात कमीपणा नाही. उघडा पंख नीट न पाहता ‘कॅस्पियन’ लिहिणे हा मात्र नोंदीचा अपराध आहे. दुर्मीळ जातीच्या एका चुकीच्या नोंदीमुळे पुढच्या अभ्यासकाचे किती दिवस वाया जातात, हे नोंदी तपासणाऱ्यांना विचारावे.

महिना लिहून ठेवायला विसरू नये. काळ्या पिसांत मेलॅनिन असते आणि ते पिसाला बळकटी देते. पांढऱ्या भागात ते नसते, म्हणून ऊन, वाळू आणि खारा वारा आधी पांढऱ्याला खातात. नोव्हेंबरात मोठ्या कोवळ्या कुरवाची पंखाच्या घडीवर टेकलेली रुंद पिसे पाहा. प्रत्येकाला स्वच्छ पांढरी किनार असते, आणि त्या किनारीच्या आकारावरून जातीचा माग लागतो. तोच पक्षी मार्चच्या अखेरीस पाहा. किनार झिजून गेलेली, पिसाची कड करवतीसारखी दातेरी, आणि मूळचा गडद तपकिरी रंग उन्हाने विटून दुधाळ झालेला. मार्चमधला विटलेला ह्यूग्लिन आणि नोव्हेंबरातला ताजा कॅस्पियन फोटोत शेजारी ठेवले तर सराईत माणूसही थबकतो. म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक जातीचे वर्णन दोनदा केले आहे, हिवाळ्याच्या सुरुवातीचे आणि शेवटचे. एप्रिल-मेमध्ये प्रौढ उत्तरेकडे निघून जातात, पण मोठ्या कुरवांतले काही कोवळे मागे राहतात. त्यांना वीण करायची नसते, मग जायची घाई कशाला? याच सुमारास त्यांच्या पंखाची पिसे पहिल्यांदा बदलू लागतात. आतल्या बाजूचे एखादे पीस गळून पंखात फट दिसली, तर तो पक्षी साधारण वर्षाचा होत आला आहे असे खुशाल समजावे.

पद्धतीचे श्रेय ज्यांचे आहे त्यांना द्यायला हवे. न्यूयॉर्कचे डॉक्टर आणि पक्षितज्ज्ञ जोनाथन ड्वाइट यांनी १९२५ मध्ये जगभरच्या कुरवांच्या पिसांवर आणि ती बदलण्याच्या क्रमावर ग्रंथ लिहिला. तो संग्रहालयातल्या कातड्यांवर उभा होता. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तेच ज्ञान दिले पी. जे. ग्रँट यांनी. त्यांचे कुरवांवरचे पुस्तक १९८२ मध्ये आले, सुधारलेली आवृत्ती १९८६ मध्ये. वय आधी ठरवा, पंखाचा प्रत्येक भाग नावानिशी ओळखा, मगच जातीकडे वळा, ही शिस्त त्यांनी पक्षिनिरीक्षणात रुजवली. पुढे क्लाउस मालिंग ओल्सेन आणि हान्स लार्सन यांनी युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या कुरवांवर जे मोठे पुस्तक केले, त्यात आपल्याकडे येणाऱ्या पूर्वेकडच्या जातींना प्रथमच पुरेशी जागा मिळाली. ही पुस्तके महाग आहेत, इंग्रजीत आहेत, आणि कोकणातल्या उन्हाचा विचार करून लिहिलेली नाहीत. ती उणीव भरून काढायची म्हणून हा उद्योग.

त्या उन्हाविषयी. आपला समुद्र पश्चिमेला आहे. दुपारनंतर किनाऱ्यावर उभे राहिले की सूर्य पक्ष्यांच्या मागे असतो आणि सगळे कुरव काळे दिसतात. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो, म्हणून काम सकाळचे. त्यात ओहोटी हवी, कारण तेव्हाच थवे उघड्या वाळूवर विसावतात. किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथे कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. तृतीया ते पंचमी हे दिवस कुरवांसाठी उत्तम. थवा वाऱ्याकडे तोंड करून बसतो. एका बाजूने, हळू, वाकून पुढे सरकावे आणि ते माना उंचावू लागले की थांबावे. मधून मधून एखादा पक्षी पंख ताणतो किंवा उडून जागा बदलतो. तो क्षण टिपायचा. थवा उठवून फोटो काढणे मला मान्य नाही. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्यांना विसाव्याची जागा किनाऱ्यावर आधीच कमी उरली आहे, वाळूवर गाड्या आणि कुत्री धावतात, त्यात आपली भर नको.

कोवळ्यांची वेगळी मोजणी का करावी, हा प्रश्न नेहमी येतो. बदके, हंस आणि चिखलपक्षी यांच्या हिवाळी थव्यांत कोवळ्यांचे प्रमाण मोजून त्या वर्षीची वीण कशी झाली याचा अंदाज बांधायची रीत युरोपात रुजलेली आहे. लडाखमधल्या सरोवरांकाठी भटक्या कुत्र्यांमुळे जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचे नुकसान होते आहे. त्या सरोवरांवर वाढलेला तपकिरी डोक्याचा कुरव आपला पहिला हिवाळा आपल्यासमोर काढत असेल आणि आपण त्याच्यापुढे ‘पिल्लू’ लिहून मोकळे होत असू, तर आपल्या हातात असलेली माहिती आपणच टाकून देतो आहोत.

म्हणून वाचकांना विनंती. येत्या हिवाळ्यात नोंद करताना प्रत्येक कुरवापुढे जात लिहिण्याआधी वय लिहा, तारीख आणि जागा लिहा, आणि शक्य झाल्यास उघड्या पंखाचा वरून आणि खालून एकेक फोटो ठेवा. जे ओळखता आले नाही ते तसेच लिहा. आणि लाँचमधून फरसाण फेकू नका. उघडा पंख जवळून पाहायची ती सोपी संधी वाटते, पण कोवळ्या पक्ष्याला तळलेल्या पिठाची सवय लावू नये. बंदरावर मासळी उतरायच्या वेळी जा. तोच पंख तिथेही तितक्याच जवळून दिसतो.